डुकरं हाकलायचं गाणं

आप्पा : आन् आता फुडचं जे सांगतो ते तू खरं धरनार न्हाईस, रईस. तू काय, तुजा बाप नबी मेस्तरी आज असता तरी त्यानं खरं धरलं नसतं. पर सत्तावीस रानडुकरं, मोजून सत्तावीस, रांग लावून माज्या मक्यातनं निघाली ती गोदावरी पवून पैठनच्या हद्दीत गेली. गानं ऐकून.

(उमापूरच्या स्टँडसमोर रईसचं भोंगे, मिक्सर, टीव्ही दुरुस्तीचं दुकान. सकाळचे दहा. चकलांब्याचे रेवणसिद्धआप्पा नातीला गेवराईच्या जीपमध्ये बसवून द्यायला आलेत, आणि येताना मळ्यातलं पेनड्राइव्हवर वाजणारं मशीन पोत्यात घालून आणलंय. नात रोहिणी दाराबाहेरच्या बाकावर बॅग मांडीवर घेऊन बसली आहे. आप्पांचं तोंड अर्ध्या तासापासून चालू आहे, पण नातीकडे वळून एक शब्द निघालेला नाही.)

रईस : मोजली कवा? पळत हुती का हुबी हुती?

आप्पा : पळत कशाला? चालत गेली. म्होरं एक लंगडा सुळेवाला, त्याच्या मागं बायका, बायकांच्या मागं पोरंबाळं. लग्नात मानपान झाला न्हाई म्हनून पाव्हने निघत्यात ना, तशी. एक गाभन मादी तर बांधावर थांबली आन् मला म्हनली, आप्पा, येवडं करायची गरज न्हवती.

रईस : ती म्हनली.

आप्पा : डोळ्यानं म्हनली.

रईस : माज्याकडनं सहा जन भोंगे घेऊन गेलेत डुकरासाटी. कुनी वाघाची डरकाळी लावतंय, कुनी फटाके. चार दिस पळत्यात, पाचव्या दिवशी त्याच भोंग्याखाली बसून खात्यात. उमापूरच्या सटवानं तर सोताचाच आवाज भरला. आता डुकरं त्याला वळखत्यात. तो रानात न्हाई गेला तर त्यांना करमत न्हाई.

आप्पा : वाघाला ती भीत न्हाईत, कावून की वाघ त्यांनी कुटं बघितलाय. सटवाला तर मानसंबी भीत न्हाईत. ह्ये गानं येगळं हाय. ह्यात एक गडी हाय, विलायतेतला असंल, तो पोटातनं वरडतो. जनू हिरीत पडलाय आन् वर काढा म्हनत न्हाई, तुमीच खाली या म्हनतोय.

रोहिणी : आप्पा, जीप भरत आली.

रईस : चार शीट कमी हायेत, ताई. सुग्रीव बारा मानसं कोंबल्याबिगर हालत न्हाई. तुमी आत बसा, ऊन लागतंय.

रोहिणी : इथंच बरी आहे.

रईस : आप्पा, लावू का मंग? ऐकू तर द्या तुमचा गडी.

आप्पा : आत्ता नगं. हितं मानसं हायेत.

रईस : मानसंच हायेत, डुकरं थोडीच हायेत. मशीन आनलंय तर लावून बघावंच लागंल. भोंगा कुठाय ह्याचा?

आप्पा : मळ्यात. लिंबाला बांधलाय.

रईस : असू द्या. माज्या स्पीकरच्या डब्याला जोडतो. पेनड्राइव्ह हितंच हाय की. वायर ही... ही... आन् ही. घ्या. बिसमिल्ला.

आप्पा : बारीक ठिव.

रईस : बारीकच... या खुदा.

रोहिणी : बंद करा.

रईस : एक मिनिट, ताई, ह्याचं बटन कुठं...

रोहिणी : रईसभाई, बंद करा आधी. सगळा स्टँड बघतोय.

रईस : केलं. केलं बंद. तितं चहावाल्याचा गिलास फुटला वाटतं. आप्पा, गडी भारी हाय तुमचा. त्याला दवाखान्यात न्हेला का न्हाई कुनी?

आप्पा : गडी जबर हाय.

रोहिणी : गडी नाही तो. आप्पा, हा पेनड्राइव्ह तुमच्याकडं कुठून आला?

आप्पा : कापसात घावला. व्यापारी कापूस भरून न्हेत हुता, तवा बोंडात काय तरी चमकलं...

रोहिणी : दोन वर्षांपूर्वी.

आप्पा : असंल.

रोहिणी : मी सगळी खोली उलथीपालथी केली होती. तुम्ही दारात उभे होता. म्हणालात, उंदरानं नेला असंल.

आप्पा : तवा घावला न्हवता. मागून घावला.

रोहिणी : आणि तो तुम्ही रानात लावला. डुकरांसाठी.

आप्पा : डुकरं लई झालती, रोहिणी.

रईस : मला जरा सांगाल का कुनी?

रोहिणी : तो आवाज माझा आहे, रईसभाई. कंपनीतली तीन पोरं वाजवतात आणि मी गाते. चार गाणी आहेत त्यावर. डेथ मेटल म्हणतात त्याला.

रईस : तुमचा? ह्या गळ्यातनं?

रोहिणी : गळ्यातून नाही. गळ्यातून काढला तर दोन दिवसांत गळा बसतो. बेंबीपासून काढायचा, गळा नुसता उघडा ठेवायचा.

रईस : तुमी मगाशी मला पानी मागितलं तर मला वाटलं कुनी मास्तरीनबाई आली.

रोहिणी : तो पण माझाच आवाज आहे.

रईस : एक इचारू का? राग नका मानू. दोन सालामागं चकलांब्यात एका पोरीच्या अंगातलं काढलं म्हनत हुते. कापसाच्या खोलीत घुरघुर करत घावली म्हनं. आमच्या अम्मीनं तवा मला तिकडचं गिऱ्हाईक घ्यायचं बंद करायला लावलं हुतं. ती पोरगी...

रोहिणी : मीच.

रईस : ...चहा सांगू का?

आप्पा : सांग, तीन सांग. आन् ती गोष्ट मीच सांगतो, कावून की मानसं तिच्यात वाट्टंल ते घालत्यात. त्याचं असं झालं, रईस. दिवाळीचा सुमार. खोलीत चाळीस क्विंटल कापूस, आढ्याला टेकलेला. दुपारची येळ. मी वसरीवर पडलोय. तर भिंतीतनं आवाज. पैल्यांदा वाटलं म्हस आडली. मंग वाटलं दोन म्हशी. मंग कापसाचा ढीग हालाय लागला. हालला, उचलला, आन् आतनं येक पांढरं तोंड भाईर आलं, ह्या दारायेवडं...

रोहिणी : कापूस वीस क्विंटल होता. ढीग हलला नाही. मी त्याच्यात तोंड खुपसून बसले होते.

रईस : कशापायी?

रोहिणी : आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. कापूस आवाज पितो. शहरात ह्याच कामासाठी खोलीला गाद्या ठोकतात, भाडं घेतात तासाला. मी म्हटलं, आपल्या घरी आयती खोली आहे. चारच दिवस सुट्टी होती, रियाज बुडायला नको.

आप्पा : मंग शेजारची इमलबाई आली. तिनं आवाज ऐकला आन् तिची कवळी निसटून...

रोहिणी : विमलबाईंना कवळी नाही.

आप्पा : तवा हुती.

रोहिणी : आप्पा.

आप्पा : मंग इमलबाईनं म्हाळू देवरुशाला सांगावा धाडला. म्हाळू आला. त्यानं उंबऱ्यावर लिंबू ठिवला तर लिंबू आपल्या पायानं चालत निगाला, अंगनातनं, येशीतनं, थेट उमापूरच्या रस्त्याला. मागं बारकी पोरं पळायलीत. म्हाळूचा फेटा उडाला तो बाभळीवर. बाभूळ अजून हाय, फेटा बी हाय, तुला दावतो...

रोहिणी : मी सांगू का, रईसभाई? लहान आहे गोष्ट. म्हाळू यायच्या आधी मी आप्पांना खोलीत बोलावलं. म्हटलं, हे गाणं आहे. फोन दाखवला. आमच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ होता, मी माइक धरून उभी, खाली दोनशे पोरं. इयरफोन त्यांच्या कानात घातला. त्यांनी ऐकलं. काढून टाकला नाही. पूर्ण गाणं ऐकलं, पाच मिनिटांचं.

रईस : मंग?

रोहिणी : मग बाहेर नारळ फुटल्याचा आवाज आला. आप्पांनी इयरफोन माझ्या हातात दिला आणि बाहेर गेले. मला वाटलं, आता सांगतील सगळ्यांना. मी खिडकीतून बघत होते. अंगणात चाळीस माणसं. हे उंबऱ्यापाशी गेले, आणि बाजूला सरकले. म्हाळूला आत यायला वाट दिली.

आप्पा : चहा कुठं ऱ्हायला ह्याचा?

रोहिणी : विमलबाईंनी केस धरले. लिंबाच्या डहाळ्यांनी मारलं, फार लागलं नाही. अंगारा तोंडात घातला. म्हाळू विचारायचा, कोण हाईस तू, बोल. मी म्हणायची, रोहिणी. तो म्हणायचा, खोटं बोलतंय, मारा. पप्पा भिंतीला टेकून खाली बघत होते. असं किती वेळ चाललं माहीत नाही. मग मी म्हटलं, जाते.

रईस : कुटं जाते?

रोहिणी : तेच म्हणायचं असतं ना शेवटी. जाते म्हटलं की सुटका होते. मी त्याच आवाजात म्हटलं, बेंबीपासून, म्हणजे त्यांची खात्री पटावी. बायका रडायला लागल्या. पाया पडल्या. मला तेव्हा लाज कशाची वाटली सांगू का? मारल्याची नाही. ते 'जाते' मी चांगलं म्हटलं होतं. अगदी चांगलं लागलं होतं.

रईस : ताई, आमच्या अम्मीच्या वतीनं मी... मला ठावं न्हवतं, खुदा कसम.

रोहिणी : तुमचं काय त्यात. अजून गावात गेले की विचारतात, आता बरी हायेस ना पोरी? मी म्हणते, बरी आहे.

आप्पा : रईस, समज, येक म्हातारा हाय.

रईस : कोन म्हातारा?

आप्पा : हाय कुनी तरी. समज की. गावात त्याला मान हाय. तो वीरभद्राचा पुरवंत हुता. तुमच्यात न्हाई ते. आमच्यात लग्नाआदी वीरभद्राची मिरवनूक, गुग्गुळ, निघतो, त्याच्या म्होरं पुरवंत तलवार घिऊन चालतो, आन् दक्षाच्या यज्ञाची कथा गर्जून म्हनतो. म्हनतो म्हंजे, पयला शबूद काढला की तान्ही पोरं गप हुत्यात. ह्या म्हाताऱ्यानं चाळीस वर्सं म्हनली. त्याच्या गर्जनेनं एकदा केजच्या बाजारात तीन बैल दावं तोडून...

रोहिणी : बैल राहू द्या.

आप्पा : ऱ्हायले. तर समज, त्या म्हाताऱ्याला ठावं झालं की पोरगी गाती. अंगात बिंगात काय न्हाई. तो भाईर आला. समोर चाळीस मानसं, म्हाळू, फुटका नारळ. त्यानं तोंड उघाडलं. म्हनायचं हुतं, जावा घरी, गानं हाय ते. पर मंग मानसं म्हनली असती...

रोहिणी : काय म्हणाली असती?

आप्पा : म्हनली असती, असलं बी गानं असतंय व्हय. म्हातारा येडा झाला.

रोहिणी : म्हणून मग पोरगी वेडी ठरवली.

आप्पा : म्हाताऱ्याचं चुकलं.

रोहिणी : म्हाताऱ्याला सांगा कधी भेटला तर. त्यानंच मला शिकवलं होतं ते. मी सहा वर्षांची होते. ज्वारीवर पाखरं बसली की मला मचाणावर उभं करायचे आणि म्हणायचे, गोफण कशाला पाहिजे, बेंबीपासून काढ. मी काढायची. पाखरं उडाली की खांद्यावर घेऊन नाचायचे. मी पुण्याला पहिल्यांदा हे संगीत ऐकलं तेव्हा दचकले नाही. मला वाटलं, हे तर आमच्या घरचं आहे.

रईस : चहा आला. घ्या. आप्पा, घ्या, निवतोय.

आप्पा : मला नगं.

रईस : ताई, येक खरं सांगा. तुमी गाता ते ठीक. पर ती दोनशे पोरं खाली हुबी ऱ्हाऊन ऐकत्यात ती कावून? आमच्या डोक्यात येत न्हाई. कव्वाली लांबली की मीबी रडतो, ते कळतंय. ह्यात काय गोड हाय?

रोहिणी : गोड काहीच नाही. तेच बरं वाटतं. दिवसभर मी गोडच बोलते, रईसभाई. कंपनीत हो सर, जी मॅडम, घरी हो आप्पा. बसमध्ये कुणी धक्का मारला तरी सॉरी मीच म्हणते. तिथं कुणी म्हणत नाही, जरा हळू, जरा नीट. खाली पोरं एकमेकांवर आदळतात, बघणाऱ्याला वाटतं मारामारी चाललीय. पण एखादा पडला ना, तर आजूबाजूचे सगळे थांबतात, त्याला उचलतात, चष्मा शोधून देतात, मग परत आदळतात. एवढं सांभाळून वागणारी माणसं मी लग्नात पण बघितली नाहीत.

रईस : आन् गान्यात असतंय काय? बोल काय हायेत?

रोहिणी : मढी. रक्त. तुटलेली मुंडकी.

रईस : तोबा.

रोहिणी : परवा माझ्या चुलतभावाच्या, महांतेशदादाच्या लग्नात गुग्गुळ निघाला. भाड्यानं आणलेला पुरवंत दक्षाचं मुंडकं उडवत होता, रक्ताचे पाट सांगत होता. सगळे हात जोडून उभे. विमलबाई तर डोळे मिटून डुलत होत्या. मी त्यांच्या शेजारी उभी होते.

आप्पा : त्या पुरवंताच्या आवाजात दम न्हवता.

रोहिणी : नव्हताच. तो गळ्यातून काढत होता.

आप्पा : गळ्यातनं. मलाबी तसंच वाटलं. अर्ध्यात खोकला.

रोहिणी : तुम्हाला सगळे म्हणाले, आप्पा, तुम्ही म्हणा. तुम्ही का नाही म्हटलं?

आप्पा : म्या सोडलं ते.

रोहिणी : कधी?

आप्पा : झाली की दोन वर्सं.

रईस : आता माजंबी ऐका, म्हंजे मला जरा हालकं वाटंल. मी आदी जिनिंगमदी हुतो, कापसाच्या मशीनीवर. आमच्या अस्माचं, भनीचं, लग्न ठरून मोडलं. पोराकडच्यांनी भर दारात नगं नगं ते बोलून घेतलं. अब्बांनी मान खाली घातली, मीबी घातली. दुसऱ्या दिवशी कामाला गेलो. चौदा मशीनी चालू झाल्या की शेजारच्याचं ऐकू येत न्हाई. तर मी त्या आवाजात तोंड उघाडलं आन् त्या मानसांना, त्यांच्या बापाला, येक येक शिवी, समदी घातली. घसा फाटस्तवर. कुनालाच ऐकू गेलं न्हाई. शेजारचा मला बघून हासतोय, त्याला वाटलं मी गानं म्हनतोय. लई बरं वाटलं. मंग म्हैनाभर रोज करायचो.

रोहिणी : मग तुम्हाला कळलं की ते का ऐकतात.

रईस : पर ताई, खरं तर दारात बोलायला पायजे हुतं. मशीनीत बोललो. अस्मा दारात हुबी हुती ना.

आप्पा : मशीनीत बोललास हेच काय कमी हाय.

रईस : कमीच हाय, आप्पा.

रोहिणी : रविवारी पुण्यात आमचा कार्यक्रम आहे. दोन वर्षांनी पहिला. पोरं थांबलीत माझ्यासाठी, दुसरा गायक घेतला नाही त्यांनी. मी आज जाऊन त्यांना नाही म्हणून सांगणार आहे. कायमचं.

आप्पा : कावून?

रोहिणी : येत नाही आता. खोलीचं दार लावते, तोंड उघडते, आणि विमलबाईंचा हात केसात येतो. अर्धा आवाज निघतो आणि मी वळून बघते, अंगणात किती माणसं जमली. पोरं म्हणतात, होईल, होईल. दोन वर्षं होईलच म्हणतात.

आप्पा : रोहिणी, तू...

रोहिणी : मला वाटायचं, निदान ते जुनं कुणीतरी कुठंतरी ऐकत असेल. चारच गाणी होती, चांगली झाली होती. आज कळलं की ऐकतात. डुकरं.

आप्पा : डुकराचं तसं न्हाई, पोरी. डुकराला बी कान असत्यात. ते... म्हंजे तो लंगडा सुळेवाला हाय ना, तो तर पयल्या गान्याला...

रोहिणी : पुरे झालं, आप्पा.

आप्पा : बरं.

रईस : सुग्रीव हात करायलाय. येकच शीट कमी हाय आता.

रोहिणी : निघते मी. पप्पांना सांगा, पोचल्यावर फोन करते.

आप्पा : पिशवीत भाकरी बांधून दिली हाय तुज्या आईनं. शेंगाची चटनी हाय.

रोहिणी : बघितली.

रईस : आप्पा, ह्ये मशीन घिऊन जाता का ठिवता? चालू हाय की. मगाशी समद्या स्टँडानं ऐकलं. ह्यात बिघाड काय हाय ते तुमी सांगितलंच न्हाई.

आप्पा : ऱ्हाऊ दे. पोत्यात घाल. मी येतो पुन्यांदा.

रईस : आठ मैल वझं घिऊन आलात आन् तसंच न्हेता? सांगा की. वायर हाय का, बॅटरी हाय का? पाच मिन्टाचं काम असंल.

आप्पा : बारीक हाय ते. जाऊ दे.

रईस : बारीक तर बारीक. कुटं हाय?

आप्पा : तिसऱ्या गान्यात.

रईस : तिसऱ्या गान्यात काय हुतंय?

आप्पा : ते ढोलबिल समदं वाजतंय बघ, आन् येका जागी येकदम थांबतंय. पार चिडीचूप. मंग ती दम घेती. नुस्ता दम, लांब. आन् मंग खालनं, लई खालनं, सूर उचलती. त्या दमापाशी खरखर यायलीय. पंधरा दिस झाले. आदी न्हवती.

रईस : खरखर.

आप्पा : दुसरीकडं कळत न्हाई. पर तितं कळती. दम घेतलेला पुरा ऐकू येत न्हाई, मंग फुडचं लागत न्हाई मनाला. तेवडी काढ, बाकी तसंच ऱ्हाऊ दे.

रईस : आप्पा, त्या येवड्या कालव्यात तितंच खरखर येती, ह्ये तुमाला डुकरानं सांगितलं का?

आप्पा : ते पोतं दे हिकडं.

रईस : सांगा की. लंगड्यानं सांगितलं का गाभन मादीनं?

रोहिणी : राहू द्या, रईसभाई. मळ्यात डुकरं नाहीतच. आप्पा ऐकतात.